तुम्ही विचारलंत म्हणून: ताईंचा रिपोर्ट आला तेव्हा

ओळखीतल्या एखाद्या घरात स्तनांच्या तपासणीचा संशयास्पद रिपोर्ट आला, की मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्या जाऊबाईंच्या वेळी ते दिवस तुम्ही कसे काढलेत?" फोनवर धीराचे दोन शब्द बोलून होतात, पण नीट उत्तर द्यायचे राहून जाते, म्हणून ते आज लिहिते आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आम्ही सगळे ताई म्हणतो. त्या सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात आणि तेव्हा त्यांचे वय ५१ होते. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी तिशीपुढच्या बायकांची तपासणी ठेवली होती. त्या वेळी ताईंच्या डाव्या स्तनात सिस्टरांच्या हाताला काहीतरी कठीण लागले आणि त्यांनी मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेसाठी, चिठ्ठी दिली. मराठवाडा एक्स्प्रेसने आम्ही दोघी छत्रपती संभाजीनगरला गेलो. दुसऱ्या दिवशी रिपोर्टचे पाकीट माझ्या हाती देताना खिडकीवरचा माणूस एवढेच म्हणाला, "लवकर मोठ्या डॉक्टरांना दाखवा." त्या 'लवकर'ने माझी झोप उडाली.

घरी आल्यावर ताईंना काही सांगायचे नाही, असे ठरले. दीरांनी ठरवले, माझ्या यजमानांनी मान डोलावली आणि मीही गप्प राहिले. साधी सूज आहे, असे त्यांना सांगितले आणि रात्री सगळे निजल्यावर मी मोबाइलवर वाचत बसू लागले. जे वाचू नये ते सगळे वाचले. मात्र पाकिटातला कागद धडपणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला नव्हता, हे आज कबूल करते.

चौथ्या दिवशी दुपारी ताई ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. सूपभर ज्वारी निवडून झाली, तशी त्यांनी ती ताटात ओतली, ताटातली पुन्हा सुपात घेतली आणि परत निवडायला लागल्या. मी दारात उभी होते. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "काहून लपवायलीस गं? चार दिवस झाले, तुझ्या हातचं मीठ चुकायलंय."

मी पाकीट आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. "कॅन्सर झाला असं लिहिलंय का?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. "मग काय लिहिलंय?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. चार दिवस मी ज्याला भीत होते, ते त्या कागदावर लिहिलेलेच नव्हते.

रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स ०' असे होते. स्तनांच्या तपासणीत संशय किती आहे, हे सांगणारा तो ठरावीक आकडा असतो. डॉक्टरांनी ते दोन मिनिटांत समजावले. ०चा अर्थ एवढाच, की या फोटोंवरून काही ठरवता येत नाही, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. स्तनात ग्रंथींचा भाग जास्त असला तर तो फोटोत पांढरा दिसतो, गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे एकात एक मिसळते. सोनोग्राफीनंतर मात्र आकडा '४ए' झाला आणि ०वरून ४वर गेल्याचे पाहून माझे हातपाय गळाले. तेव्हा ताईंनीच विचारले, "शंभर बायांमध्ये कितीजणींचं वाईट निघतं?" दोन ते दहा, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे निदान नव्वद जणींचे तसे निघत नाही. तरीही सुईने तुकडा काढून तपासावाच लागतो.

सुईचे नाव निघताच नातेवाइकांचे फोन सुरू झाले. सुई लावली की गाठ पसरते, असे तिघांनी सांगितले. हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे आणि तो खरा नाही. मला त्याचा राग येतो, कारण त्यापायी बायका महिनेच्या महिने घालवतात. एकांनी तर "कशाला गेलात तपासायला?" असेच विचारले. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षे सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. हे तेव्हा माहीत असते, तर त्यांना तिथेच सांगितले असते.

तुकडा घेताना ती जागा बधिर केली होती. ताई घरी येऊन जेवल्या आणि झोपल्या. त्यानंतरचे दहा दिवस सर्वांत अवघड गेले. इतके दिवस का लागतात, हे प्रयोगशाळेतल्या एका मुलीने समजावले, त्याचा मला फार आधार झाला. तुकडा आधी फॉर्मेलिन नावाच्या, तो टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात ठेवतात, मग मेणात बसवतात, त्याच्या केसाहून बारीक चकत्या कापतात, त्यांना रंग देतात आणि मगच डॉक्टर त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. उशीर म्हणजे वाईट बातमी, असे मी धरून चालले होते, ते त्या दिवशी सुटले.

या दहा दिवसांत मी दोनच गोष्टी पाळल्या. दिवेलागणीनंतर मोबाइलवर या विषयाचे काही वाचायचे नाही, ही पहिली. दुसरी अशी, की मला रडू आले तर माहेरी बहिणीला फोन करायचा, ताईंसमोर बसायचे नाही, कारण रिपोर्ट त्यांचा असताना मला धीर देण्याचे काम त्यांच्यावर पडत होते. ताईंशी बोलायचे तर त्यांनी विषय काढल्यावरच. त्यांनी माहूरच्या रेणुकेला नवस बोलला होता, तो मी मनापासून त्यांच्यासोबत बोलले, पण त्यासाठी दवाखान्याची तारीख पुढे ढकलली नाही. पुण्यातल्या लेकीला मात्र ताईंनी स्वतः फोन करून सगळे सांगितले. आम्ही तिच्यापासूनही लपवायला निघालो होतो.

निकाल फायब्रोअ‍ॅडेनोमा, म्हणजे साधी गाठ असा आला. तो वेगळा आला असता तर मी एवढी सावरलेली असते का, हे मला सांगता येत नाही. इतके मात्र नक्की सांगते, की त्या चार दिवसांचे मला अजून वाईट वाटते, पुढच्या दहा दिवसांचे वाटत नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितली आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवण्यासाठी आम्ही एक शाळेची वही केली होती. तिच्या शेवटच्या पानावर ताईंनी ती तारीख स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे, आणि तिच्याखाली गाडीची वेळही.