किंमतीचा रकाना शेवटी वाचा

बँकेच्या कॅश काउंटरवर बसणाऱ्या बाईला जुन्या नाण्यांचा नाद आहे, ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. आमच्या शाखेत येणाऱ्या निम्म्या लोकांना ती ठाऊक आहे. गर्दी ओसरली की कोणीतरी हळूच रुमालाची पुरचुंडी सोडतं, काचेखालून एखादं नाणं सरकवतं आणि विचारतं, "मॅडम, याचे किती येतील?"

परवा एक काका पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट घेऊन आले. नातवाने मोबाईलवर मेसेज दाखवला होता की या नोटेचे लाखो रुपये मिळतात. मी त्यांना नोट उलटसुलट करून दाखवली. या नोटा वर्षानुवर्षं छापल्या गेल्या, अजूनही चलनात वैध आहेत. एखादीला थोडी जास्त किंमत येते ती गव्हर्नरची सही कोणाची, नंबराच्या पॅनलमधलं इन्सेट अक्षर कोणतं आणि नोट किती कोरी आहे यावरून. ट्रॅक्टरवरून येत नाही. काकांना मी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथेही सांगते. जुनी नोट किंवा नाणं विकून देतो म्हणून जो आधी नोंदणी फी, कमिशन किंवा टॅक्स मागतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे प्रकार इतके वाढले की २०२१ मध्ये तिला जाहीर खुलासा करावा लागला की आपण अशा व्यवहारात नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

काका गेले आणि शेजारच्या काउंटरवरच्या नव्या मुलाने विचारलं, "ताई, मग खरी किंमत कुठे बघायची? एखादं पुस्तक सांगा ना." हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. म्हणून आज सविस्तर लिहिते.

जगभरच्या नाण्यांसाठी सर्वांत परिचित नाव म्हणजे क्राउजे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं आयोला नावाचं छोटंसं गाव, तिथून चेस्टर क्राउजे आणि क्लिफर्ड मिशलर यांनी १९७२ मध्ये जागतिक नाण्यांचा हा जाडजूड कॅटलॉग काढला. विटेएवढा जाड, पातळ कागद, बारीक टाइप. त्या दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे 'केएम', आणि केएम नंबर हीच आज संग्राहकांची बोली आहे. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया म्हणजे केएम ५२३, १९१२ पासून १९३६ पर्यंतचा केएम ५२४. नाशिकचा माणूस चेन्नईच्या माणसाला फोनवर नुसता हा आकडा सांगतो आणि दोघांच्या डोळ्यांसमोर एकच नाणं येतं. पुस्तकातल्या किमती चार-पाच वर्षांत जुन्या होतात. नंबर होत नाही. मी घेतलेली प्रत जुनीच होती, आणि नवी आवृत्ती हवी असं मला कधी वाटलं नाही.

आता हेच दोन नंबर शेजारी शेजारी कशाला, ते बघा. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावर जी साखळी आहे, तिच्यात एक हत्ती कोरलेला आहे. सोंड आणि पाय इतके आखूड उतरले की लोकांना तो डुकरासारखा दिसला. हिंदुस्थानात ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले सात लाखांच्या आसपास बाहेर गेले, बाकीचे वितळवले, आणि १९१२ पासून हत्ती सुधारून कोरला. संग्राहक आजही १९११ च्या रुपयाला 'पिग रुपी' म्हणतात. नुसता टांकसाळीचा उत्पादनाचा आकडा पाहिला तर हा रुपया मुबलक वाटेल. किती पाडले आणि किती उरले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगलं संदर्भपुस्तक तुम्हाला त्यातला फरक दाखवतं. सोनाराचं भिंग लावून दोन्ही हत्ती एकदा शेजारी ठेवून बघा. मला त्या इवल्याशा सोंडेत जेवढा आनंद मिळाला, तेवढा रुपयाच्या किमतीत कधी मिळाला नाही.

किमतीचे रकाने वाचायची एक रीत आहे. एकाच नाण्यासमोर, झिजलेल्या अवस्थेपासून कोऱ्यापर्यंत, चार-पाच आकडे असतात: व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), अनसर्क्युलेटेड. नवखा माणूस उजवीकडचा सर्वांत मोठा आकडा वाचतो आणि घरातल्या नाण्याला तोच लावतो. माझं सांगणं आहे की आधी आकड्यांमधलं अंतर बघावं. पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत किंमत थोडीथोडीच चढत असेल, तर ते नाणं कोऱ्या अवस्थेतही भरपूर मिळतं. शेवटच्या रकान्याला आकडा एकदम दहापट उडाला, तर समजावं की झिजलेली पुष्कळ आहेत, कोरी जवळजवळ नाहीत. आणि सगळेच रकाने चढे असतील, तरच नाणं मुळात दुर्मिळ. किंमत आज चुकीची असली तरी हे प्रमाण बरंच टिकतं.

चांदीच्या साध्या रुपयांची छापील किंमत तर मी वाचतच नाही. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आणली. झिजलेला पाचव्या जॉर्जचा रुपया सराफाकडे चांदीच्या भावानेच वरखाली होतो, त्याला पुस्तक काय करणार? अपवाद सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयाचा. तो दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच १९३८ च्या रुपयातल्या ८ चा ९ करून विकणारे आहेत. इथे वजनकाटा उपयोगाचा नाही, कारण नाणं अस्सल चांदीचंच असतं. उपयोगी पडतो तो चांगल्या पुस्तकातला मोठा फोटो. त्या ९ ची शेपटी कशी वळते, आजूबाजूचा पृष्ठभाग खरवडलेला दिसतो का, हे फोटोशी ताडून बघायचं.

आणि कृपा करून नाणी चिंचेने घासू नका. घासलेलं नाणं कुठल्याच रकान्यात बसत नाही. किती हौशी बायका मला अभिमानाने चकाकती पावली-अधेली दाखवतात आणि मला मनापासून वाईट वाटतं. दीडशे वर्षांचा काळपट थर गेला तो गेला.

ब्रिटिश काळातलं काही मनावर घ्यायचं असेल तर सगळ्या जगाचा कॅटलॉग पुरत नाही. फ्रेड प्रिडमोर यांनी भारताच्या नाण्यांवर दोन खंड लिहिले, पैकी १८३५ नंतरच्या नाण्यांचा खंड १९८० चा. त्यानंतर पॉल स्टीव्हन्स आणि रँडी वीअर यांचं १८३५ ते १९४७ या काळावरचं पुस्तक २०१२ मध्ये आलं. या पुस्तकांची गरज का पडते, हे व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ च्या रुपयाने मला शिकवलं. हा रुपया घराघरांत सापडतो. पण त्यातले पुष्कळसे १८६२ मध्ये पाडलेलेच नाहीत! १८७४ पर्यंत रुपयावर १८६२ हेच साल ठेवलं होतं. मुंबई टांकसाळीने मात्र मागच्या बाजूला बारीक टिंबं टाकली, आणि त्या टिंबांच्या संख्येवरून आणि जागेवरून खरं वर्ष ओळखता येतं. त्यात राणीच्या चित्राचे प्रकार वेगळे, मागच्या वेलबुट्टीचे प्रकार वेगळे. एका टिंबाने किंमत कुठल्या कुठे जाते. तक्ता उघडून, खिडकीच्या उजेडात, एकेक टिंब मोजत बसलं की रविवारची दुपार कशी जाते कळत नाही.

नोटांचं शास्त्र आणखी वेगळं. इथे माझी नोकरी कामाला येते. भारतीय कागदी चलनासाठी रेझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला यांचं संदर्भपुस्तक आहे. सही, अक्षर, नंबर यांची इतकी शिस्तशीर मांडणी मी दुसरीकडे पाहिली नाही. आता एक साधी गोष्ट. कोऱ्या करकरीत जुन्या नोटेला डावीकडे दोन भोकं का असतात? शंभर नोटांचं पॅकेट, अशा दहा पॅकेटांचं बंडल, आणि प्रत्येक पॅकेट जाड तारेच्या पिनेने टाचलेलं. ती पिन उचकटताना ज्येष्ठ कॅशिअरांची नखं तुटायची. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने टाचण्याची ही पद्धत बंद करायला सांगितली. म्हणजे त्याआधीची नोट कोरी असली तरी तिला बहुधा भोकं असतातच. परदेशी नोटांच्या कसोटीने भोक हा दोष, आपल्याकडे ती त्या काळची रीत. बिनभोकाची जुनी नोट मिळाली तर उलट तिचं कौतुक. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही शोधू नका, तिच्यावर अर्थसचिवांची असते, कारण ती सरकारची नोट आहे, रिझर्व्ह बँकेची नाही.

माझा खरा जीव मात्र आपल्या मराठ्यांच्या नाण्यांत आहे. नाशिककरांच्या दारातच, त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला, नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिने १९८९ मध्ये के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठ्यांच्या टांकसाळींवरचं इंग्रजी पुस्तक काढलं. ते बाजारभावाचं पुस्तक नव्हे, आणि माझ्या कपाटातलं सर्वांत मोलाचं आहे. मराठा रुपयांवर बहुधा मुघल बादशहाचं नाव आणि फारसी मजकूर असतो. ठसा मोठा, चांदीची चकती लहान, त्यामुळे कुठल्याच एका रुपयावर सगळा मजकूर उतरत नाही. टांकसाळीचं नाव तर अर्ध्या वेळा काठाबाहेरच जातं. मग ओळखायचं कशावरून? खुणांवरून. अंकुश दिसला तर अंकुशी रुपया, पुण्याकडचा. जरीपटका दिसला तर आमचा नाशिकचा, नाण्यावर गुलशनाबाद म्हणवणारा. होळकरांच्या चांदवडचा तो चांदोरी. आपल्या हातातल्या तुकड्यावर कोपऱ्यात उमटलेली दोन अक्षरं पूर्ण ठशात नेमकी कुठे बसतात हे पुस्तकाच्या मदतीने जुळलं, की तो तुकडा बोलायला लागतो. फारसी न येणाऱ्या मला या पुस्तकाने निदान 'जुलूस' (राज्यारोहण) हा शब्द नाण्यावर ओळखायला शिकवलं.

आणि शिवराई, हे तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. पुण्याच्या जुन्या बाजारात, जत्रेत, प्रदर्शनात, सगळीकडे विकणारा सांगतो, "ताई, ही महाराजांच्या काळातली." श्रद्धेने हातात घ्यावं असंच ते नाणं आहे, पण शिवराई महाराजांनंतर छत्रपती आणि पेशव्यांच्या काळात आणि पुढे इंग्रजी अमलाच्या सुरुवातीलाही पाडली जात होती. मधोमध दोन रेघा असलेली दुदांडी ही उत्तर काळातली. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक शिवराया अशा नंतरच्या आहेत. अक्षरांचं वळण, टिंबांची कडा, वजन, तांब्याची जाडी यांवरून जाणकार काळ ठरवतात. जो हे न बघता 'राज्याभिषेकाच्या वेळची' म्हणून दहापट किंमत सांगतो, तो महाराजांच्या नावावर व्यापार करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

किंमत हवीच असेल तर लिलावाच्या कॅटलॉगइतकं खरं काही नाही. मुंबई, अहमदाबाद, बेंगळुरूच्या लिलावगृहांचे गुळगुळीत कागदाचे कॅटलॉग आणि नंतर प्रसिद्ध होणारी विक्रीच्या आकड्यांची यादी जपून ठेवा. अंदाज किती होता, प्रत्यक्षात हातोडा कुठे पडला, आणि कोणता लॉट (विक्रीला ठेवलेला नग) न विकता राहिला. हा तिसरा तपशील लोक बघत नाहीत, आणि बाजार खरा तिथे दिसतो. त्याच कॅटलॉगात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसमोर सूचना असते की १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून चांदोरी रुपया पाठवायचा विचार करणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. शेतात नांगरताना नाण्यांचं मडकं लागलं तर कुठलंही किमतीचं पुस्तक उघडायच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १८७८ चा कायदा अजून लागू आहे.

आता जे मला मनापासून हवं आहे ते सांगते. ही सगळी पुस्तकं इंग्रजीत, बहुतेक महाग, काही तर छापून संपलेली. ज्या गावांत शिवराई खापरांबरोबर मातीत सापडते, तिथल्या मुलाच्या हातात शंभर पानांचं, चित्रांचं, मराठीतलं एक हातपुस्तक असायला हवं. अक्षरांची वळणं मोठी करून काढलेली, वजनं आणि व्यास दिलेले, अस्सल आणि बनावट शेजारी छापलेले. किमती नसल्या तरी चालेल. खरं तर नसाव्यातच.

ते होईल तेव्हा होईल. त्यासाठी लागणारा कच्चा माल मात्र आपल्या सगळ्यांच्या डब्यांत पडून आहे. तुमच्याकडे घरची शिवराई असेल तर तिला धुऊ नका. गावातल्या सोनाराकडे तिचं वजन ग्रॅममध्ये दोन दशांशांपर्यंत करून घ्या, व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि ती कोणत्या गावची, कोणाकडून आली हे एका चिठ्ठीवर लिहून नाण्याबरोबर ठेवा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलाव्याने पसरते.