१३१ वेळा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा आहे आणि त्या खिळ्यावर १७ कापडी पिशव्या आहेत. तीन साहित्य संमेलनांच्या, दोन दिवाळी अंकांच्या वर्गणीबरोबर आलेल्या, एक कुणाच्या तरी मुंजीतली, एक पतपेढीच्या वार्षिक सभेची. बाकीच्या कुठून आल्या ते त्यांनाच ठाऊक. एकीही विकत घेतलेली नाही. त्यांच्यामुळे दार पूर्ण उघडत नाही, म्हणून आम्ही सगळे जरा तिरके होऊन स्वयंपाकघरात शिरतो.

मागच्या वर्षी माझी धाकटी नणंद आली, तीही तिरकी होऊन आत शिरली आणि खिळ्यापाशीच थांबली.

"वहिनी, एवढ्या पिशव्यांचं करतेस काय?"

"भाजी आणते."

"सतरा पिशव्यांतून?"

मग तिने मला ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा २०११ सालचा अहवाल ऐकवला. कापसाला लागणारं खत-पाणी, सूत, विणकाम, सगळं धरलं तर हवामानाच्या हिशोबात सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. तेव्हा कुठे ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. नणंद हे सांगून चहा प्यायला बसली. मी मात्र कॅलेंडरच्या मागे गुणाकार केला. १७ गुणिले १३१ म्हणजे २,२२७. आठवड्यातून दोनदा भाजीला गेले तर २१ वर्षं. माझं वय ५८. म्हणजे ७९व्या वर्षी मी प्लॅस्टिकवाल्या बाईच्या बरोबरीला येणार, आणि तेही मधल्या काळात एकही नवी पिशवी घरात आली नाही तर.

त्यामुळे जानेवारीत कोळिकोडच्या केरळ लिटरेचर फेस्टिव्हलला जायचं ठरलं तेव्हा नणंदेच्या अटी मी मुकाट्याने मान्य केल्या. विमान नाही, बाटलीबंद पाणी नाही, आणि नवी पिशवी, कुणी पाया पडून दिली तरी, नाही. खिळ्यावरून एक संमेलनाची पिशवी निवडण्यात आली. तिच्या काठाला नणंदेने बॉलपेनने रेघा मारायला आधीच सुरुवात केली होती. चार उभ्या, पाचवी त्यांना छेद देणारी, जुन्या दुधवाल्यासारख्या. निघताना ३८ भरल्या होत्या.

विमानाने दोन तासांत पोचता येतं. आम्ही ठाण्याला गुरुवारी दुपारी नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसलो ते शुक्रवारी सकाळी उतरलो. परतीच्या प्रवासात सोमवार गेला. दोन दिवसांच्या वीकेंडसाठी तीन दिवसांची रजा! पर्यावरण जपायला आधी रजा शिल्लक असावी लागते, हे त्या अहवालात नसावं.

पाण्यासाठी नणंदेने माळ्यावरून सासूबाईंचा फिरकीचा तांब्या काढला होता. चिंच लावून लखलखीत केलेला. पाच मिनिटं आख्ख्या डब्याने त्याचं कौतुक केलं. पण फिरकीचे आटे झिजले होते, आणि रोह्याच्या आसपास तांब्या आडवा झाला तो थेट खालच्या बाकावरच्या काकांच्या वर्तमानपत्रावर. काका सभ्य होते. त्यांनी पेपर झटकला, खिडकीला वाळत घातला आणि म्हणाले, "राहू द्या, तशाही जुन्याच बातम्या."

मग दशम्या, तिळाची चटणी, आणि कोकण रेल्वेचे बोगदे. चिपळूण सोडलं की गप्पा मारायला त्रास होतो, कारण प्रत्येक वाक्याच्या मधे एक बोगदा येतो. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तेवढ्यात माझं आख्खं गाऱ्हाणं विसरायला झालं. २०२२ साली हा सगळा मार्ग विजेवर आला. त्याआधी बोगद्यात शिरलं की डिझेलचा वास डब्यात भरायचा आणि बायका पदर नाकाला लावायच्या. मी हे नणंदेला गाडीच्या बाजूचा मुद्दा म्हणून सांगितलं. तर ती म्हणाली, "वीज कोळशाचीच ना पण?" या बाईबरोबर सुखाने प्रवास करणं अवघड आहे. जिच्यावरून गाडीचं नाव पडलं ती नेत्रावती नदी मंगळुरूच्या पुढे लागते. तेव्हा आम्ही दोघी घोरत होतो.

सकाळी रिक्षात बसताना मी ऐटीत "कोझिकोड बीच" म्हटलं. रिक्षावाल्याने मान मागे वळवून हसत दुरुस्ती केली. मधलं अक्षर झ नाहीच. इंग्रजीत ते झेड-एच लिहितात म्हणून आपण फसतो. जीभ टाळूकडे वळवायची आणि तिथे पोचायच्या आतच सोडून द्यायची. आपल्या ळचा चुलतभाऊच म्हणा ना. सिग्नल येईपर्यंत त्याने माझ्याकडून सहा वेळा म्हणवून घेतलं आणि सातव्यांदा नाद सोडला. त्यामुळे मी इथे कोळिकोड लिहिते. चुकीचंच आहे, पण निदान नात्यातलं आहे.

हा महोत्सव २०१६पासून तिथे समुद्रकाठी भरतो. मांडवातून बाहेर पडलं की समोर वाळू आणि समुद्रात उभे असलेले जुन्या धक्क्याचे गंजके लोखंडी खांब. तिकीट नाही. त्यामुळे साहित्यासाठी आलेले कोण आणि समुद्रासाठी आलेले कोण, हे कळायला मार्ग नाही. गणवेशातल्या मुली खाली मांडी घालून बसलेल्या. एक माणूस कडेवरच्या पोराला फुगा धरायला देऊन उभ्या उभ्या अर्धा तास भाषण ऐकत होता. आम्ही एका मल्याळी कवितावाचनाला बसलो. कळलं काहीच नाही, पण दर ओळीत दोन-तीन ळ यायचे. दिल्लीकडे गेलं की ळशिवाय जीव घुसमटतो. इथे मी कवितेतलं एक अक्षर न समजता पोटभर ळ ऐकून उठले.

बाहेर गाड्यांवर काचेच्या मोठाल्या बरण्या. मिठाच्या पाण्यात मुरवलेले आवळे, कैऱ्या, अननसाच्या फोडी आणि गाजरंसुद्धा, वर हिरव्या मिरच्या तरंगताहेत. युनेस्कोने २०२३मध्ये या गावाला साहित्यनगरी म्हटलं, भारतातली पहिली. पण आम्हा दोघींना गाव पटलं ते त्या अननसाने.

पाण्याची गंमत वेगळीच. जेवायला बसलो तर पेल्यात गुलाबी, गरम पाणी. मला वाटलं सरबत. तर पतिमुखम, म्हणजे आपल्या पतंगीच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं पाणी. ते तिकडे सर्रास देतात. गळक्या तांब्याला निवृत्त करून आम्ही स्टीलची बाटली घेतली होती, ती तिन्ही दिवस जिथे जेवलो तिथूनच भरली. गुलाबी पाणी बाटलीत ओततानाचा नणंदेचा चेहरा कुणाला तरी हरवून आल्यासारखा होता.

हलव्यासाठी मिठाई तेरुवूत गेलो. काळा हलवा, गुळाचा, खोबरेल तेलातला, दगडी पाट्यासारखा. दुकानदार सुरी उगारून प्लॅस्टिकचा कागद ओढणार, तोच नणंदेने डबा पुढे केला. त्याने डबा उलटसुलट पाहिला, रिकाम्याचं वजन केलं, ते हातावर पेनने लिहिलं, हलवा भरला, पुन्हा वजन केलं, वजाबाकी केली, नोकराला तपासायला दिली. मागे रांग लागली. पण रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही, सगळे वजाबाकी बघत होते. शेवटी त्याने एक जास्तीचा तुकडा झाकणावर ठेवला. तो हिशोबात नव्हता.

पुस्तकांपाशी मात्र आमचं सगळं व्रत मोडलं. इंग्रजी अनुवाद चार घेतले, मग आणखी तीन. नणंदेने एक मल्याळी बालकवितांचं पुस्तक घेतलं, लिपी जिलब्यांसारखी दिसते एवढ्याच कारणाने. बिलावर एक कोरी कापडी पिशवी फुकट होती. काउंटरवरच्या पोराने ती पुढे केली, नणंदेने परत सरकवली. त्याने पुन्हा पुढे केली. त्याला वाटलं, बाई संकोच करताहेत. चार वेळा झालं. मी काढता पाय घेतला.

आणि रविवारी संध्याकाळी, स्टेशनच्या जिन्यावर, गाडी लागलेली असताना, पिशवीची शिवण उसवली. आधी एक पट्टा सुटला, मग बूड. अनुवादित साहित्य पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलं. रेघा तेव्हा ४४ होत्या. १३१ व्हायच्या होत्या. संमेलनाची ती पिशवी! पानभर मजकूर छापलेला, आणि टाका इंच-इंच अंतरावर.

आम्ही पुस्तकं कवटाळून कशाबशा चढलो. समोरच्या बाकावरच्या मुंडू नेसलेल्या आजींनी हे सगळं पाहिलं, आपल्या बोचक्यात हात घातला आणि चौकोनी घडी घातलेली एक जाडजूड प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. तिच्यावर नवरीचा फोटो, नखशिखान्त सोन्याने मढलेली. केरळात अशा पिशव्यांवर २०२०पासून बंदी आहे, म्हणजे ही आजींनी त्याआधीपासून जपलेली असणार. नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. पिशवी घेतली.

ती आता खिळ्यावर सगळ्यांच्या पुढे असते. भाजीला मी तीच नेते, आणि ओल्या मेथीचा तिला काही फरक पडत नाही. परवा भाजीवाला म्हणाला, "ताई, पिशवीवरची बाई लई भारी आहे." नणंद फोनवर विचारते, किती झाले. गेल्या आठवड्यात ७०.

उसवलेली पिशवी मी मशीनवर दुहेरी शिवली, बुडाला जुन्या परकराचं कापड लावलं. आता तिचे ४५ म्हणायचे, की पुन्हा एकपासून सुरू करायचं, असं नणंदेला विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वहिनी, परकर सुती होता का?"