एक दात मागे

रविवार, रात्री साडेदहा.

आज दुपारी पार्किंगमध्ये मारुती झेनचा टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम एकमेकांशी जुळवून फिरवणारा दातेरी पट्टा) बदलायला घेतला आणि जुना बेल्ट उतरवण्याआधीच हातातला पाना खाली ठेवून बराच वेळ स्टुलावर नुसता बसून राहिलो. झाले होते ते एवढेच, की क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, चाकावरची टोचलेली खूण ऑइल पंपाच्या अंगावरील बाणासमोर आणून उभी केली, तेव्हा कॅमच्या, म्हणजे वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, चाकावरची खूण आपल्या खाचेसमोर आली नाही. ती एक दात मागे राहिली. चष्मा पुसला, टॉर्च तिरपा धरला, क्रँक आणखी दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा पाहिले. एकच दात, पण मागे.

हा बेल्ट 2019 च्या दिवाळीत मीच बसवला होता.

त्या संध्याकाळचे सगळे आता लख्ख आठवते. दोन्ही खुणा मी नीट जुळवल्या होत्या, त्याबद्दल आजही माझी खात्री आहे. पण बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर ज्या बाजूला नसतो त्या बाजूचा बेल्ट आधी ताठ ओढून घ्यावा लागतो आणि ढील काय ती टेन्शनरच्या बाजूला उरू द्यायची असते. तिथे माझा हात कमी पडला असणार. अशा वेळी खुणा समोरासमोर दिसतात आणि तरीही खोटे बोलतात, कारण क्रँक फिरू लागला की आधी ती ढील संपते आणि मगच कॅम हलतो. म्हणूनच टेन्शनर सोडल्यावर क्रँक हाताने, पान्याने, सरळ दिशेने दोनदा फिरवून खुणा पुन्हा पाहायच्या असतात. दोनदा, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा एक फेरा होतो. ते दोन फेरे त्या दिवशी मी फिरवले नाहीत. अंधार पडत होता, वर पाहुणे खोळंबले होते आणि दादाने खिडकीतून दोनदा हाक मारली होती.

चूक झाली, याचे मला तितकेसे वाटत नाही. सलते ते निराळेच. क्रँकच्या चाकाला वीस दात धरले तर एका दाताचे 18 अंश होतात. एवढ्या उशिराने वाल्व्ह उघडू-मिटू लागले की इंजिन बंद पडत नाही, खालच्या वेगाला फक्त जोर लावत नाही. सासवडला जाताना दिवे घाटात एसटी आमच्या पुढे निघून जायची. सहा वर्षे मी त्याची कारणे देत होतो. पेट्रोल खराब आहे. कार्ब्युरेटर म्हातारा झाला. ही चालवताना डावा पाय क्लचवरच ठेवते, प्लेट जाणारच. पायाचे तर मी चारचौघांतही बोललो, दादाच्या घरी, जेवताना; त्यानंतर हिने गाडीची किल्ली हातात घेणे हळूहळू सोडले. तो विषय इथे नको.

आणि तो ट्यूनिंगवाला. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच टोकाला असल्यामुळे कॅम मागे पडला तशी ठिणगीही मागे पडली होती. त्याने ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर फिरवला आणि ठिणगी जागेवर आणली. त्याच्या परीने त्याने बरोबर केले. माझी चूक मात्र त्याखाली आणखी झाकली गेली. पिकअप तरीही येईना, तेव्हा ‘याला काही कळत नाही’ असे मी सोसायटीत सांगत सुटलो.

तपासणी खात्यात बत्तीस वर्षे लोकांचे भाग शतांश मिलिमीटरवरून नाकारले आणि स्वतःच्या हातचा भाग तेवढा कधी गेजवर चढवला नाही. दुपारी स्टुलावर बसून हे मनात आले, तेव्हा डोळ्यांत पाणी यायचेच राहिले होते. आपण म्हातारे झालो, आता पाना खाली ठेवावा, गाडी भंगारात द्यावी, इथपर्यंत मजल गेली. मग लक्षात आले की हे ‘म्हातारे झालो’ देखील कार्ब्युरेटरचेच दुसरे कारण आहे. 2019 साली मी म्हातारा नव्हतो, घाईत होतो. यावर मला चक्क हसू आले आणि वॉचमन वळून पाहू लागला.

नाना पेठेतून आणलेला नवा बेल्ट घडी न घालता, पीळ न देता, फिरण्याच्या दिशेचा बाण पाहून चढवला. या वेळी ताठ बाजू अंगठ्याने दाबून धरली. टेन्शनर सोडला, दोन फेरे फिरवले, खुणा पाहिल्या, बोल्ट आवळला, पुन्हा दोन फेरे फिरवले आणि पुन्हा पाहिल्या. नंतर डिस्ट्रिब्युटर पूर्वीच्या जागी मागे घेतला, नाहीतर कॅम पुढे सरकल्यामुळे आता ठिणगीच वेळेआधी पडली असती आणि इंजिन ठोकू लागले असते. टायमिंग लाइटवर पुलीची खूण स्थिर झाली, तोवर सहा वाजले होते.

संध्याकाळी हिला घेऊन तळजाईपर्यंत जाऊन आलो. वरच्या चढावर गाडी तिसऱ्यातच निघाली, दुसरा टाकावा लागला नाही. ही काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, “जुना बेल्ट फारच झिजला होता का हो?”

तो बेल्ट या क्षणी गॅलरीत खिळ्याला लटकतो आहे. सहा वर्षांत रबर कडक झाले म्हणून बदलायला काढला होता, पण दात सगळे शाबूत आहेत, एकही झिजलेला नाही.

मी “हो” म्हणालो.