तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पुस्तक की आधी सिनेमा?

सैनिकाने लिहिलेल्या आठवणींवर सिनेमा आला की दोन प्रश्न ठरलेले. आधी पुस्तक वाचू की सिनेमा बघू? आणि दाखवलंय तसं खरंच झालं का? दुसऱ्याचं उत्तर नीट दिलं की पहिल्याचं बरंचसं मिळून जातं, म्हणून उलटीकडून सुरुवात करतो.

खरं-खोटं तपासायला बहुतेक जण भलत्याच जागी जातात. रायफल त्याच सालातली आहे का, बिल्ला कोणत्या बाहीवर आहे, हेल्मेटचा पट्टा बांधलाय की लोंबतोय. अशा चुका ढिगाने सापडतात, शोधायला मजाही येते, पण त्यांनी गोष्टीचा अर्थ बदलत नाही. त्यापेक्षा सिनेमा कुठे संपतो ते बघा. मग पुस्तकात ती जागा काढा आणि पुढे किती पानं उरलीत ते मोजा. गाळलेलं आणि घुसडलेलं, दोन्ही बहुधा तिथेच हाती लागतं.

याला ‘वुई वेअर सोल्जर्स’इतकं चांगलं उदाहरण नाही. व्हिएतनाममधल्या इया द्रांग खोऱ्यात नोव्हेंबर १९६५मध्ये झालेल्या लढाईवर हॅरॉल्ड मूर आणि जोसेफ गॅलोवे यांनी मिळून लिहिलेलं पुस्तक १९९२चं, मेल गिब्सनचा सिनेमा २००२चा. मूर तेव्हा अमेरिकी सैन्यात लेफ्टनंट कर्नल, सातव्या कॅव्हलरी या रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचा प्रमुख. गॅलोवे वार्ताहर, लढाईत प्रत्यक्ष हजर. हॉलिवूडने व्हिएतनाम दर वेळी चुकीचाच दाखवला अशी तक्रार लेखकांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच नोंदवली आहे. त्यावर हॉलिवूडनेच सिनेमा काढला, हा योग मजेशीर.

आधी सिनेमाचं श्रेय देतो. शत्रूच्या टेहळ्याच्या मागे धावत जाऊन एक प्लाटून, म्हणजे छोटी तुकडी, बाकीच्या बटालियनपासून तुटते, तिचा लेफ्टनंट मारला जातो आणि शेवटी सार्जंट सॅव्हेज सूत्रं हाती घेऊन आपल्या भोवतीनेच तोफांचा मारा मागवत रात्र काढतो, हे पुस्तकाला धरून आहे. आपल्याच विमानाने आपल्या माणसांवर नापाम, म्हणजे आगीचा बॉम्ब, टाकलं, तेही सिनेमाने लपवलेलं नाही. मृत्यूच्या तारा टॅक्सीवाल्यांच्या हाती घरोघर पाठवल्या जात, हेसुद्धा खरं.

पुस्तकात मात्र आधी गणित आहे. हाताशी सोळा ह्युई हेलिकॉप्टरं, एका फेरीत ऐंशीच्या आसपास माणसं. १४ नोव्हेंबरला सकाळी १०:४८ला पहिली फेरी उतरली आणि अख्खी बटालियन जमिनीवर यायला दुपारचे तीन वाजून गेले. लढाई तर दुपारी एकच्या आधीच पेटली होती. म्हणजे पहिले दोन-अडीच तास मूर जो काही निर्णय घेतो, तो ‘पुढची फेरी येईपर्यंत आहे त्यात भागवायचं’ याच हिशेबाने. सिनेमात हेलिकॉप्टरं येतात-जातात, दिसतात झकास. पण दर फेरीमागे किती माणसं आणि किती मिनिटं हा हिशेब प्रेक्षकाला लागत नाही. तो लागला नाही की मूरचे निर्णय नुसते धाडसाचे वाटतात. ते काटेकोर होते.

आता शेवट. सिनेमात तिसऱ्या सकाळी मूर संगिनी लावलेल्या माणसांना घेऊन डोंगराच्या दिशेने धाव घेतो, ऐन वेळी मशीनगन लावलेलं गनशिप हेलिकॉप्टर समोर प्रकटतं आणि शत्रूचा तळच उडवला जातो. असा हल्ला झालाच नाही. त्या पहाटे खरोखर जे घडलं ते युद्धशास्त्राच्या दृष्टीने कितीतरी सरस आहे. आदल्या दिवशी, १५ तारखेला पहाटे, बटालियनच्या चार्ली कंपनीच्या ओळीवर हल्ला आला होता. समोरचं उंच गवत तसंच उभं, खड्डे घाईत खणलेले. त्या एका कंपनीचे ४२ जण मेले. त्याच जागेवर मग कॅप्टन डिड्युरिकची ताज्या दमाची कंपनी बसवली. तिने ओळ थोडी मागे घेतली, म्हणजे येणाऱ्याला उघडी जमीन पार करावी लागेल. गवत आडवं केलं, खड्डे खोल केले, तारेला पाय लागला की पेटणारे फ्लेअर समोर पेरले आणि तोफांचे नेम आधीच ठरवून ठेवले. १६ तारखेला पहाटे चारनंतर त्याच दिशेने पुन्हा जोरदार हल्ले आले. फ्लेअरच्या उजेडात ते मोडून काढले गेले आणि या कंपनीचे जेमतेम अर्धा डझन लोक किरकोळ जखमी झाले. तीच जागा, तोच शत्रू, चोवीस तासांचं अंतर. फरक पडला तो फावड्याने आणि आखणीने. पडद्यावर फावडं शोभत नाही, त्यामुळे संगिनी आल्या.

यात आणखी एक गंमत आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर संगीन लावलेली रायफल घेऊन पुढे निघालेला जो दमलेला अधिकारी दिसतो, तो डिड्युरिकच्याच कंपनीतला प्लाटून कमांडर, रिक रेस्कोर्ला. सिनेमात संगिनींचा हल्ला आहे, रेस्कोर्लाचं पात्रच नाही.

आणि उरलेली पानं? एक्स-रे या लँडिंग झोनवर, म्हणजे मूरची हेलिकॉप्टरं उतरली त्या जागी, ७९ अमेरिकी सैनिक मेले, १२१ जखमी झाले. सिनेमा इथे थांबतो. पुस्तक थांबत नाही. पुढचा सबंध भाग आल्बनीचा आहे. चू पोंग डोंगरावर बी-५२ विमानं बॉम्ब टाकणार म्हणून १७ तारखेला एक्स-रे रिकामं केलं. सातव्या कॅव्हलरीची दुसरी बटालियन पायी आल्बनी नावाच्या मोकळ्या जागेकडे निघाली. माणसं दोन रात्री न झोपलेली, रांग शेकडो मीटर लांबलेली. वाटेत शत्रूचे टेहळे हाती लागले, त्यांची चौकशी करायला रांग थांबली आणि बटालियन प्रमुखाने सगळ्या कंपनी कमांडरांना पुढे बोलावून घेतलं. नेमका तेव्हाच हल्ला आला. कंपन्या मागे, त्यांचे कमांडर पुढे. दीडशेहून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक पहिल्या काही तासांतच. मूर आणि गॅलोवे यांना ही दोन्ही प्रकरणं एकाच पुस्तकात हवी होती ती याचसाठी: एक्स-रेवर काय बरोबर झालं ते आल्बनीवर काय चुकलं याच्याशेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही. आल्बनी वगळून सिनेमाने निम्मी लढाई गाळली, आणि उरलेल्या निम्मीला विजयाचा साज चढवला.

‘लोन सर्व्हायव्हर’मध्ये गाळण्यापेक्षा घुसडणं जास्त आहे. अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात २८ जून २००५ला चार नेव्ही सील, म्हणजे अमेरिकी नौदलाचे कमांडो, अडकले, त्यांतला मार्कस लट्रेल एकटा वाचला; मदतीला निघालेलं चिनूक हेलिकॉप्टर पाडलं गेलं, त्यात सोळा जण गेले. लट्रेलला आसरा देणारा गुलाब हा पठाण खरा, त्या गावाने दाखवलेली हिंमतही खरी. पण शेवटी गावात तुंबळ लढाई होते, चाकूने हातघाई होते, ऐन क्षणी हेलिकॉप्टरं येतात, हे सगळं सिनेमाचं. प्रत्यक्षात २ जुलैला अमेरिकी रेंजर गावाजवळच्या रानात लट्रेलपर्यंत पोचले.

इथे मात्र नुसती पुस्तक-सिनेमा जोडी लावून भागत नाही, कारण पुस्तकच तपासावं लागतं. लट्रेलने ते पॅट्रिक रॉबिन्सन या थरारक कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाबरोबर लिहिलं. मोहिमेचं नाव ‘रेड विंग्ज’, पुस्तकात ते ‘रेडविंग’ झालंय. समोर शत्रू किती होते, तर पुस्तकातला आकडा दोनशेपर्यंत चढतो. त्या चौघांचा प्रमुख लेफ्टनंट मर्फी, त्याला मरणोत्तर मिळालेल्या मेडल ऑफ ऑनरच्या अधिकृत मानपत्रात तो ३० ते ४० आहे. लट्रेल खोटं बोलला असं मी म्हणत नाही. तीन बाजूंनी गोळ्या येत असताना कड्यावरून गडगडणारा माणूस डोकी मोजत नसतो. पण अशा पुस्तकाशेजारी शौर्यपदकाचं मानपत्र ठेवावंच. ते सहज मिळतं, पान-दीड पानाचं असतं, आणि त्यात तारीख, जागा, संख्या कोरडेपणाने दिलेल्या असतात.

खलनायकाचं दुखणं वेगळं. ‘अमेरिकन स्नायपर’च्या पुस्तकात अमेरिकी नेमबाज क्रिस काइल हा मुस्तफा नावाच्या इराकी नेमबाजाबद्दल जाता जाता थोडंसं सांगतो, तो आपल्याला कधी दिसलाच नाही हेही सांगतो. क्लिंट ईस्टवुडच्या सिनेमात तोच मुस्तफा आरंभापासून शेवटच्या गोळीपर्यंत पुरतो. सैनिकाच्या आठवणींत शत्रूला सहसा चेहरा नसतो आणि दोन तासांच्या सिनेमाला तो लागतोच. त्यामुळे पडद्यावर एकच शत्रू वारंवार दिसायला लागला की पुस्तकाच्या मागची नामसूची उघडून त्याचं नाव शोधा.

आपल्याकडचं उदाहरण ‘पिप्पा’, २०२३चा. ब्रिगेडियर बलराम सिंग मेहता यांच्या ‘द बर्निंग चॅफीज’वर तो बेतलाय. विषय गरीबपूरची रणगाड्यांची लढाई, २१ नोव्हेंबर १९७१. म्हणजे ३ डिसेंबरला युद्ध रीतसर सुरू होण्याच्याही आधीची. ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ रणगाडे पाण्यावर तरंगतात, म्हणून तुपाच्या रिकाम्या डब्यावरून जवानांनी ठेवलेलं नाव पिप्पा. पण तरंगायचं तर वजन कमी हवं, सुमारे चौदा टन, म्हणून चिलखतही पातळ. आत माणसं तीनच: चालक, गोळा भरणारा आणि कमांडर. तोफही कमांडरनेच चालवायची. आता स्क्वाड्रनचं नेतृत्व करणाऱ्याची अवस्था बघा. डोकं बाहेर काढून चौदा रणगाडे सांभाळायचे, वायरलेसवर बोलायचं, आणि स्वतःचा नेम धरायला पुन्हा आत. धुक्याच्या सकाळी ही कसरत चालू असताना मेजर दलजित सिंग नारग मारले गेले आणि स्क्वाड्रन मेहतांकडे आली. सिनेमाने घर आणि भावंडं मधोमध आणली. रणगाड्यातल्या या तिघांच्या कामाची विभागणी तो समजावत बसत नाही. ती डोक्यात ठेवून लढाईचा प्रसंग पुन्हा पाहिलात तर कोण कधी आत जातो, कोण बाहेर येतो याला अर्थ येतो.

पुस्तक उघडताना लेखकाचा त्या वेळचा हुद्दा पेन्सिलीने पहिल्या पानावर लिहून ठेवा. बटालियन प्रमुखाला मैदान दिसतं, कॅप्टनला आपले रणगाडे, शिपायाला आपला खड्डा. कॅमेरा मात्र सगळीकडे फिरतो. लेखकाला दिसणं शक्यच नव्हतं असं दृश्य पडद्यावर आलं की ते कुठून आलं ते शोधायचं. कधी ते दुसऱ्या कुणाच्या मुलाखतीतून आलेलं असतं. मूर-गॅलोवेंनी तर पुढे व्हिएतनामला जाऊन समोरच्या सेनापतीशी, न्गुयेन हू आनशी बोलून ती बाजू पुस्तकात घातली. त्यामुळे सिनेमातला भुयारातला व्हिएतनामी कमांडर अगदीच हवेतला नाही.

राहिला पहिला प्रश्न. ‘वुई वेअर सोल्जर्स’चं पुस्तक आधी, तेही नकाशाची पानं दुमडून, कंपन्यांची नावं पक्की झाली नाहीत तर सिनेमातली हेल्मेटं सगळी सारखीच दिसतात. ‘पिप्पा’ आधी बघितलात तरी चालेल, रणगाडा डोळ्यांपुढे आला की पुस्तक भरभर जातं. ‘लोन सर्व्हायव्हर’साठी आधी मर्फीचं मानपत्र, मग पुस्तक, सिनेमा शेवटी. अँथनी स्वॉफर्डचं ‘जारहेड’ कोणत्याही क्रमाने घ्या. १९९१च्या आखाती युद्धात नेमबाज म्हणून गेलेल्या आणि नेम धरूनही गोळी झाडू न दिलेल्या मरीनची ती हकीकत. २००५च्या सिनेमाने पुस्तकातल्या मागे-पुढे उड्या सरळ रेषेत आणल्या, पण शेवटी विजय चिकटवला नाही. त्याच नावाने पुढे जे भाग निघाले त्यांचा स्वॉफर्डच्या पुस्तकाशी काही संबंध नाही, तेवढे टाळा.