ओदेओं ते दूर्दां: रेन्यारच्या मागावर

पॅरिसमध्ये ओदेओं नाट्यगृहाभोवतीच्या रस्त्यांना नाटककारांची नावे आहेत. कोर्नेय आणि रासीन यांच्या रस्त्यांवर वर्दळ असते; ‘रू रेन्यार’ मात्र एवढा आखूड की पाटी नीट वाचून होते न होते तोच रस्ता संपतो. आचार्य अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मुळे मोलिएर आपल्याला घरचा वाटतो, त्याच्या मागून आलेल्या झाँ-फ्रांस्वा रेन्यारला (१६५५–१७०९) ते भाग्य लाभले नाही. त्याच्यासाठी मी एक आख्खा दिवस राखून ठेवला होता.

पॅरिसच्या ‘हाल’ नावाच्या मुख्य बाजारात खारवलेल्या माशांचा व्यापार करणाऱ्या सधन घरात तो जन्मला आणि तरुणपणीच भटकायला निघाला. १६७८ मध्ये इटलीहून परतताना चाच्यांनी त्याचे जहाज पकडले, अल्जीअर्समध्ये त्याला गुलाम म्हणून विकले आणि पैसे मोजल्यावरच त्याची सुटका झाली. एवढे होऊनही १६८१ मध्ये तो दोन मित्रांसह थेट लॅपलँडला गेला आणि ‘जग संपले तिथे अखेर आम्ही थांबलो’ अशा अर्थाची लॅटिन ओळ तोर्ने सरोवरापाशी दगडावर कोरून आला. (जग तिथून उत्तरेला आणखी बरेच शिल्लक होते, ही गोष्ट वेगळी.) पुढे त्याने सरकारी खजिनदाराचे पद विकत घेतले आणि १६८८ पासून तो इटालियन नटमंडळीसाठी प्रहसने लिहू लागला.

ओदेओंहून चालत मी जुन्या ‘कोमेदी-फ्राँसेज’च्या रस्त्यावर आले. नाट्यगृह केव्हाच गेले. १४ क्रमांकाच्या इमारतीवर मिनर्व्हाचे शिल्प तेवढे उरले आहे आणि समोर काफे प्रोकोप आहे. १९ डिसेंबर १६९६ रोजी त्या नाट्यगृहात रेन्यारच्या ‘जुगारी’चा पहिला प्रयोग झाला. नायक वालेर प्रेयसीने दिलेली तिची हिरेजडित तसबीर गहाण टाकतो, सगळे हरून येतो आणि मन शांत व्हावे म्हणून नोकराला रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचे पुस्तक वाचायला सांगतो. नोकर नेमके संपत्तीच्या तिरस्कारावरचे प्रकरण उघडतो. या नोकराचे नाव एक्तोर, म्हणजे फ्रेंच पत्त्यांतला चौकटचा गुलाम. मराठीत ‘गुलाम’ हा शब्द उच्चारताना मला अल्जीअर्सची आठवण होते, पण नाटकात त्या दिवसांचा कडवटपणा कुठेही नाही. कल्पना आपली चोरली, असा आरोप द्युफ्रेनी या दुसऱ्या नाटककाराने केला होता; त्याचे स्वतःचे जुगाऱ्यावरचे नाटक मात्र पडले.

दुपारी आरईआर सी ही उपनगरी गाडी पकडून पॅरिसबाहेरच्या दूर्दां गावी गेले. गाडीत ‘सर्वस्वाचा वारस’ (१७०८) वाचण्यात मी इतकी गुंगले की एक स्थानक पुढे, शेवटच्या थांब्यावर उतरावे लागले आणि तिथून उलटे चालत यावे लागले. त्या नाटकात क्रिस्पँ नावाचा नोकर बेशुद्ध पडलेल्या म्हाताऱ्या जेरोंतचे सोंग घेतो, नोटरींना मृत्युपत्र सांगतो आणि त्यात स्वतःचीही सोय लावून घेतो. म्हातारा शुद्धीवर येऊन, ‘हे मी कधी लिहिले?’ असे विचारतो, तेव्हा सगळे त्याला एकच उत्तर देतात: ‘ही तुमची ग्लानी!’ लबाडांच्या बाजूने प्रेक्षकांना हसवल्याबद्दल रूसोने पुढे या नाटकावर झोड उठवली. त्याचे म्हणणे खोडता येत नाही, पण मी मात्र डब्यात एकटीच हसत होते.

दूर्दांमध्ये फिलिप ऑग्युस्त या राजाच्या किल्ल्यालगत साँ-जेर्मँचे जुने चर्च आहे. गावाबाहेरच्या ग्रियों या आपल्या वाड्यात ४ सप्टेंबर १७०९ रोजी रेन्यार वारला आणि या चर्चमध्ये त्याला पुरले. आत त्या वेळी कोणी नव्हते. थोडा वेळ बाकावर बसले, राहिलेला अंक तिथेच वाचून काढला आणि परतताना स्थानकाचे नाव दोनदा वाचूनच गाडीत चढले.