पाटणादेवीच्या गोट्यांत बाबागाडी: कोणती घ्यायची आणि कुठे न्यायचीच नाही

दिवाळीच्या आधी आम्ही साडेतेरा हजारांची बाबागाडी घेतली. खोक्यावर डोंगर, मातीची वाट, हसणारं पोर आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘ऑल टेरेन’. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, “ताई, शेतात घाला, काही होत नाही.” भाऊबीजेनंतरच्या रविवारी पाटणादेवीला, केदारकुंड धबधब्याच्या वाटेवर, दोनशे पावलांच्या आत तिचं पुढचं चाक निखळलं. त्या खोक्यावरच्या चित्राला भुलून अजून कोणी लेकराला घेऊन निघू नये, म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

आमची मुलगी सोळा महिन्यांची, वजन दहा किलो. आम्ही दोघं धुळ्याचे, रविवारी लळिंगचा किल्ला चढून येणारे. त्यामुळे पाणी किती घ्यायचं, बूट कसले घालायचे हे मी सांगत बसणार नाही, ते तुम्हाला येत असणारच. बाळ बरोबर असताना गाडी कोणती, एवढंच सांगते.

पाटणादेवीचा हट्ट नवऱ्याचा. तो गणित शिकवतो, आणि भास्कराचार्यांचं पाटण आपल्यापासून एवढं जवळ असून लेकीला अजून नेलं नाही याची त्याला खंत होती. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे मठ काढला. १२०७ सालच्या शिलालेखात ती नोंद आहे. चाळीसगावपासून पाटणादेवी अठराएक किलोमीटर, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. सकाळी सहाला निघालो, चंडिकादेवीचं दर्शन झालं, हेमाडपंती देऊळ निवांत बघून झालं. तिथपर्यंत गाडीची काही तक्रार नव्हती. सपाट जागेवर कुठलीही गाडी चालते, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

आमच्या कॉलनीतल्या एकांनी ठामपणे सांगितलं होतं की केदारकुंडापर्यंत स्ट्रोलर आरामात जातो. त्यांनी तो स्वतः नेला होता का, हे मी विचारलं नाही. ही माझी चूक, आणि तुम्ही ती करू नका. कोणी “जातो” म्हणालं की पुढचा प्रश्न एकच: चाक केवढं होतं?

वाट नाल्याच्या कडेने जाते आणि मग नाल्यातूनच. पावसाळ्यात पाण्याने घासून गुळगुळीत झालेले गोटे, काही लिंबाएवढे, काही नारळाएवढे, मधेमधे वाळू. आमच्या गाडीला पुढे दोन्ही बाजूंना जोडचाकं होती, कडक फोमची, वीतभरही उंची नसलेली. चाक लहान असलं की साधा नारळाएवढा दगडसुद्धा त्याला भिंत होतो. ते चढत नाही, थडकतं. मी मागून जोर लावायची तेव्हा गाडी पुढे जायच्या ऐवजी पुढच्या चाकांवर कलायची आणि मुलगी पट्ट्यासकट खाली सरकायची. कारण पट्टा फक्त कमरेचा आणि दोन पायांमधला. खांद्यावरून येणारे दोन पट्टे नव्हतेच. दुकानात ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, हे आता आठवलं तरी पोटात गोळा येतो.

जोडचाकांचा दुसरा त्रास असा की दोन चाकांच्या मधल्या फटीत सुपारीएवढा खडा जाऊन बसतो. चाक फिरायचं थांबतं आणि नांगरासारखं ओढलं जातं. दर पंधरा-वीस पावलांनी खाली बसून मी काडीने खडे काढत होते. चौथ्यांदा वाकले तेव्हा दिसलं की चाक ज्या दांडीवर बसतं तिथली प्लॅस्टिकची खाच पांढरी पडलीय. प्लॅस्टिक वाकून तुटायला आलं की असं पांढरं होतं. मी नवऱ्याला हाक मारेपर्यंत कट्‌ आवाज आला आणि डावीकडची जोडी घरंगळत वाळूत गेली. गाडी त्या बाजूला बसली. मुलगी घाबरून रडली, लागलं नाही.

सासूबाई मागे होत्या. पुढे येऊन एवढंच म्हणाल्या, “माय, पोरले आठे दे.” खांद्यावरची शाल काढली, नातीला पाठीशी बांधली आणि त्याच गोट्यांवरून आमच्या पुढे चालू लागल्या. मुलगी पाच मिनिटांत झोपली. आईंचं वय बासष्ट. त्या वाटेचा खरा उपाय तोच होता आणि तो आमच्या बरोबरच आला होता.

तुटलेली गाडी खाली न्यायला दोन मुलं तयार झाली. शंभर रुपये ठरले. खाली आमच्या कारपाशी आल्यावर चारशे म्हणाले, “वजन जास्त होतं.” रडून थकलेलं पोर, डोक्यावर आलेलं ऊन, आम्ही दिले. तुम्ही ओझं उचलायच्या आधी रक्कम ठरवा, ती चार माणसांसमोर ठरवा, आणि सुटे पैसे खिशात ठेवा. पाचशेची नोट दाखवलीत तर उरलेले पैसे विसरा.

दुकानात परत गेलो तर उत्तर मिळालं की वॉरंटी सांगाड्याची आहे, चाकांची नाही. पावतीच्या मागे तसं बारीक अक्षरांत छापलेलंही होतं. ‘ऑल टेरेन’ असं छापलेल्या गाडीच्या वॉरंटीतून चाकंच वगळायची, याला मी फसवणूक म्हणते. बिल करायच्या आधी विचारा: चाक, अ‍ॅक्सल आणि ब्रेक वॉरंटीत आहेत का? आणि सुटं चाक मिळतं का, केवढ्याला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं तर बाहेर पडा.

दुसरी गाडी आम्ही नाशिकहून वापरलेली घेतली, सहा हजारांत. तीनचाकी, पुढे एकच मोठं चाक, तिन्ही चाकं बारा इंची, हवेची. मागच्या अ‍ॅक्सलला स्प्रिंग. घेताना मी एक गोष्ट केली आणि ती सगळ्यांनी करावी: दहा किलोची कणकेची पिशवी बरोबर नेली. ती सीटवर ठेवून पट्टे लावले, गाडी फुटपाथच्या कडेवर चढवली, उतरवली, एका हाताने वळवली. रिकामी गाडी दुकानाच्या फरशीवर फिरवून काहीही कळत नाही. भरलेली गाडी पायरीपाशी आणलीत की दोन मिनिटांत कळतं की दांडा लचकतोय का, पुढचं चाक थरथरतंय का, आणि हँडल तुमच्या उंचीला आहे की वाकून ढकलावं लागतंय.

पुढचं चाक गोल फिरणारं हवं, पण ते सरळ लॉकही करता आलं पाहिजे. बाजारात, गल्लीत मोकळं ठेवायचं. खडीवर, उतारावर लॉक करायचं, नाहीतर ते आडवं होतं आणि गाडी जागच्या जागी थांबते. ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकाच वेळी लागला पाहिजे. हँडलला मनगटात अडकवायचा पट्टा असावा. पट्टे पाच ठिकाणी जोडलेले हवेत: दोन खांद्यांवरचे, दोन कमरेचे, एक पायांमधला. यात तडजोड नाही. डबा ठेवायची खाच, मोबाईलचा स्टँड, खेळण्यांचा ट्रे, याला एक रुपयाही जास्त देऊ नका.

आणि डिकी मोजा. आमच्या कारमध्ये सीएनजीची टाकी आहे, त्यामुळे तीनचाकी घडी करूनही बसत नव्हती. चाकं बटण दाबून निघतात म्हणून निभावलं. चाकं न निघणारी असती तर ती मागच्या सीटवर आणि आई पुढे पाय आखडून, असा प्रवास झाला असता.

डिसेंबरात तोरणमाळला निघालो. दत्तजयंतीचे दिवस, म्हणून वाटेत सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार बघायला थांबलो. तापीच्या काठी गर्दी, धूळ, घोडे. यात्रेत स्ट्रोलर नेऊ नका, माणसांच्या पायांत आणि घोड्यांच्या मागे ती जागा पोराची नाही. आम्ही अर्ध्या तासात परत फिरलो. पण खरी गोष्ट पार्किंगच्या शेतात घडली. शेताच्या कडेला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं, वाळलेलं, आणि वाऱ्याने काटे मोकळ्या जमिनीवर पसरलेले. गाडी जेमतेम पन्नास पावलं ढकलली असेल. मागचं चाक बसलं. हात फिरवला तर पांढरे, बोटाच्या पेराहून लांब दोन काटे आरपार.

हवेच्या चाकांची ही खानदेशातली किंमत आहे आणि ती परदेशी गाड्यांच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलेली नसते. बाभूळ, हिवर, बोर, विलायती बाभूळ, बांधाबांधाला काटे. तरीही मी म्हणेन हवेचीच चाकं घ्या, फक्त तयारीने घ्या. बारा इंची स्ट्रोलरच्या टायरवर बहुतेकदा साडेबारा गुणिले सव्वादोन असा आकडा असतो. लहान मुलांच्या बारा इंची सायकलची ट्यूब हीच. म्हणजे तालुक्याच्या गावात कुठल्याही सायकलच्या दुकानात ती मिळू शकते. घोळ होतो तो व्हॉल्व्हचा. स्ट्रोलरला बहुधा मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो, आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना जुना, वेगळा. बदललेली ट्यूब सायकलच्या व्हॉल्व्हची असेल तर पेट्रोलपंपावर हवा भरता येत नाही, सायकलचा पंप लागतो. दोन ट्यूब घरूनच घेऊन निघा, आपल्या व्हॉल्व्हच्या.

शहाद्यात पंक्चरवाल्या भाऊंनी दोन्ही पंक्चर काढले, साठ रुपये घेतले, आणि न सांगता टायरच्या आतून बोट फिरवून तिसऱ्या काट्याचं तुटलेलं टोक काढून दाखवलं. ते राहिलं असतं तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. मग त्यांनीच सुचवलं म्हणून ट्यूबलेस टायरमध्ये घालतात तसं पंक्चरचं द्रव तिन्ही ट्यूबमध्ये भरून घेतलं. त्यानंतर आजपर्यंत हवा गेलेली नाही. काटे मात्र रोज संध्याकाळी बघते. चिमट्याने काढायचे, तसेच ठेवले तर आत सरकत जातात. हवा भरताना टायरच्या कडेला लिहिलेला आकडा पंपावरच्या मुलाला वाचून दाखवा. चारचाकीच्या सवयीने तो जास्त भरतो आणि मग गाडी खडीवर उड्या मारते.

शहाद्याहून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर, शेवटी सात पायरी घाटाची वळणं. मुलगी एकदा ओकली. वर पोचलो तेव्हा थंडी होती, यशवंत तलावावर धुकं होतं, आणि मी पहिल्यांदा ती गाडी एका हाताने ढकलत चालले. कच्ची वाट, मुरूम, मुळं, मधे पाण्याने खणलेली चारी, आणि पुढचं चाक प्रत्येक गोष्टीवरून न थडकता गेलं. मुलगी दोन्ही हात बाहेर काढून गवताला लावत होती. नोव्हेंबरात तुटलेल्या चाकावर मी रडले होते, इथे आनंदाने रडू आलं. त्या सकाळी मला कोणी विचारलं असतं तर मी वीस हजारसुद्धा द्या म्हणाले असते. आज शांत डोक्याने सांगते, वापरलेली घ्या, सहा-आठ हजारांत घ्या. पोर तीन वर्षांचं झालं की ते बसत नाही.

तिथेच एक अपघात होता होता वाचला. हँडलला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी टांगलेली होती. मी मुलीला उचललं आणि त्याच क्षणी गाडी मागे उलटली. मूल आत असतं तेव्हा वजन पुढे असतं म्हणून कळत नाही. हँडलला काहीही टांगू नका, सामान सीटखालच्या जाळीत. तलावाकाठी उतार आहे, फोटो काढतानासुद्धा ब्रेक लावून मनगटाचा पट्टा हातात ठेवा. सीताखाईच्या कड्याजवळ गाडी नेऊच नका, शंभर पावलं अलीकडे थांबवा आणि पोर कडेवर घ्या.

बाकीच्या ठिकाणांचं थोडक्यात. लळिंग: नाही. पाठीवरच. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावरून बसने जावं लागतं, पुढे पायऱ्या आणि लेण्यांत बूट काढून आत, त्यामुळे बाबागाडी डिकीतच राहू द्या. सोमवारी लेणी बंद असतात. पद्मालयला गाडीचा त्रास झाला नाही, एवढंच. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतवाटेवर कुठलीच गाडी नेऊ नका. माती चाकाला थापली जाते, चाक आणि दांडी यांच्यामधली जागा भरते आणि दहा पावलांत गाडी उचलून न्यावी लागते. मार्च ते जूनमध्ये तर बाहेर काढूच नका. दुपारी मूल झोपलं म्हणून गाडीवर ओढणी टाकणाऱ्या आया मी इथे खूप बघते. आत वारा जात नाही, भट्टी होते. छत पुढे ओढा, बाजू मोकळ्या ठेवा, सावलीत थांबा.

संक्रांतीनंतर पुन्हा पाटणादेवीला जाणार आहोत. तीनचाकी देवळापर्यंतच नेऊ, तिथे सायकलच्या साखळीने बांधून ठेवू. केदारकुंडाला मुलगी आईंच्या पाठीवर, शालीऐवजी यावेळी शिवून घेतलेल्या जाड सुती पट्ट्यात. माप घ्यायला आई कालच शिंप्याकडे जाऊन आल्या.