भाच्याची बॅटरी दुपारीच का संपायची

माझा भाचा डिचोली-साखळी भागात घरांवर सोलर पॅनल बसवतो. गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, "मामा, पॅनलचा उतार मोजायला एक ॲप करून दे ना." गोवा साधारण 15 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे पॅनल दक्षिणेकडे तोंड करून जवळपास तेवढंच कलतं ठेवायचं. मोबाईलमधल्या ॲक्सेलरोमीटरवरून, म्हणजे हालचाल आणि कल ओळखणाऱ्या सेन्सरवरून उतार; मॅग्नेटोमीटरवरून, म्हणजे होकायंत्रासारख्या चुंबकीय सेन्सरवरून दिशा. दोन रात्रींत दिलं करून.

आठवड्याने फोन आला, तोही त्याच्या मदतनिसाच्या मोबाईलवरून. "तुझं ॲप टाकल्यापासून बॅटरी जेवणापर्यंतसुद्धा पुरत नाही."

माझ्या फोनवर सगळं ठीक. तिथेच फसलो. 2018 मधल्या अँड्रॉइड 9 पासून पडद्यावरून मागे गेलेल्या ॲपला ॲक्सेलरोमीटरसारख्या सतत चालणाऱ्या सेन्सरचे आकडे सिस्टीम पोचवतच नाही. माझा नवा फोन माझी चूक पोटात घालत होता. भाच्याचा अँड्रॉइड 8 वाला. मी लिसनर, म्हणजे सेन्सरचे आकडे ऐकणारा कोड, ऑनक्रिएटमध्ये (ॲपचा स्क्रीन तयार होताना) जोडायचो आणि ऑनडिस्ट्रॉयमध्ये (तो पूर्ण बंद होताना) काढायचो. पण होमचं बटण दाबून मोबाईल खिशात टाकला की ऑनडिस्ट्रॉयची वेळ येतेच कुठे? स्क्रीन बंद झाली म्हणून सेन्सर आपण होऊन सुटत नाही. त्यात आकडे येण्याचा वेग मी ‘फास्टेस्ट’, म्हणजे जास्तीत जास्त ठेवलेला! छपरावरचं पॅनल काय पळून जाणार होतं?

मग जोडणं ऑनरिझ्यूममध्ये (ॲप वापरात आलं की) आणलं, काढणं ऑनपॉजमध्ये (वापरातून बाजूला गेलं की). वेग ‘यूआय’ या संथ पर्यायावर, म्हणजे साधारण 60 मिलिसेकंदांनी एक आकडा. बॅटरी टिकली.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "आता आकडा गोठतो." नीट विचारलं तेव्हा कळलं, पठ्ठ्या अर्ध्या स्क्रीनवर ॲप आणि अर्ध्यावर कॅल्क्युलेटर ठेवतो. कॅल्क्युलेटरला बोट लावलं की त्या जुन्या अँड्रॉइडवर माझं ॲप समोर दिसत असूनही पॉज होतं, आणि मी इमानदारीत सेन्सर सोडून देत होतो. शेवटी जोडी ऑनस्टार्ट आणि ऑनस्टॉपमध्ये हलवली: दिसतंय तोवर मोजायचं, दिसेनासं झालं की सोडायचं.

आता मोबाईल संध्याकाळपर्यंत चालतो. नवी तक्रार अशी, की पावसासाठी गच्चीवर घातलेल्या लोखंडी पत्र्याजवळ दक्षिण भलतीकडेच दिसते. म्हटलं, बाबा, लोखंडाने चुंबकीय सेन्सर फसतो, पत्र्यापासून लांब जाऊन दिशा बघ.